आबांचा अंगठा

सदू, मी कल्याण सोडलं त्या सकाळी तू वारुळाची माती आणायला गेलेलास, म्हणून हे तुला ठाऊक नाही. आगगाडीला वेळ होता. आबांनी ओल्या फडक्यातून मेणाची एक लहान घंटा काढली, तिच्या मुठीवर अंगठा दाबला आणि ती माझ्या हातात दिली. “वाजवणाऱ्याचा अंगठा इथंच बसतो. सवडीनं ओत,” एवढंच म्हणाले. आई शेजारीच उभी होती.

मग परळचा कारखाना. आपल्याकडे मेणावर माती चढवायची, मेण वितळवून काढायचं, पितळ ओतायचं आणि साचा फोडायचा. एका साच्यातून एकच वस्तू. इथं लाकडी पॅटर्न वाळूत दाबून दिवसभर पाण्याचे नळ ओततात, सगळे एकसारखे. फोरमनसाहेब नळावरून बोट फिरवतो. कुठं खळगा लागला की नळ परत मुशीत. म्हणून आम्ही न बघता कानस चालवतो.

आबांचं मेण मी पाण्याच्या तांब्यात ठेवलं. आज ओतू, उद्या ओतू करत वर्ष गेलं. आबा गेल्याची खबर आली तेव्हा मी नळ घासत होतो. हातातला पुरा केला, मग उठलो. रडू आलं नाही, अजूनही नाही.

आईनं निरोप धाडला, वर्षश्राद्धाला येताना घंटा घेऊन ये, मी रोज पूजेला वाजवीन. तेव्हा कुठं ती ओतली. माती फोडली तर अंगठा रेघन् रेघ उमटलेला. बरं वाटलं, एवढं आठवतं. मग नेहमीसारखी कानस घेतली नि घासत बसलो. जेवणाचा भोंगा झाला तेव्हा हात थांबला. मूठ नळासारखी गुळगुळीत होती. मेण तर वितळूनच गेलेलं.

घरी आईनं मुठीवर अंगठा ठेवला, इकडेतिकडे सरकवला. “इथं त्यांचा ठसा होता ना रे?”

“ओतताना उमटला नाही,” मी म्हटलं.

तिनं अंगठा उचलला. “मग मेणच कच्चं झालं असेल त्यांचं. शेवटी हात चालत नव्हता.”

मी ते ऐकून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

आता कल्याण म्हटलं की खाडी आठवत नाही, आपली भट्टीही नाही. मुठीवर जागा शोधणारा आईचा अंगठा तेवढा दिसतो. सदू, आबांचं मेण कच्चं नव्हतं. आईला हे वाचून दाखव.