जाऊबाईंनी विकत घेतलेलं स्टूल

माझ्या मोठ्या जाऊबाईंना गप्प बसवील असा माणूस भंडारा जिल्ह्यात जन्मला नाही, आणि जन्मलाच असेल तर त्याला त्यांनी आधी जेवायला बसवलं असेल. हायवेवर मोठ्या कंपनीचा मॉल उघडला तेव्हा आम्ही दोघी एकदमच नोकरीला लागलो. मी बिलाच्या काउंटरवर, त्या कपड्यांच्या विभागात. आलेल्या गिऱ्हाईकाला हसून एक इंग्रजी वाक्य म्हणायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. जाऊबाई ‘वेलकम’पर्यंत नीट जायच्या आणि पुढे विचारायच्या, “कोन्या गावच्या जी तुमी?” गाव पवनीकडचं निघालं की संपलंच, कारण त्यांचं माहेर आसगावचं. मग धानाचा, लग्नाच्या पोरींचा, कोणाच्या तरी गुडघ्याचा विषय निघे. बाईने महागाची साडी उचलली तर या हळूच सांगत, “रंग टिकत नाही याचा.” पुतळ्यांचे कपडे बदलताना आधी चादर धरत, उघड्या पुतळ्यापुढून माणसं जातात, हे त्यांना पाहवत नसे. नागपूरहून आलेला तरुण मॅनेजर वैतागायचा. पण सगळ्यांत जास्त विक्री त्यांच्याच विभागाची. महिन्याची उत्तम कर्मचारी म्हणून त्यांचा फोटो भिंतीवर लागला, तेव्हा पेढे त्यानेच आणले.

त्या नोकरीत पगार वेळेवर होता, पीएफ होता, एसी होता; बसायला मात्र नव्हतं. घरी आल्यावर आम्ही दोघी गरम पाण्याच्या एकाच घमेल्यात पाय सोडून बसायचो. माझ्या शेजारच्या काउंटरवर करडी गावची एक मुलगी होती. तिचे दिवस भरत आले होते, आणि पाय सुजून चपलेत मावत नव्हते. नोकरी जाईल म्हणून ती तोंड उघडत नव्हती. जाऊबाई मॅनेजरकडे गेल्या.

“साहेब, तिले बसाले काही द्या ना.”

“नियम आहे मावशी. गिऱ्हाईकासमोर बसता येत नाही. वरून मलाच ऐकावं लागते.”

जाऊबाईंनी घरसामानाच्या विभागातून एक निळं प्लास्टिकचं स्टूल उचललं, माझ्याच काउंटरवर रीतसर बिल केलं आणि त्या मुलीच्या मागे नेऊन ठेवलं. “वस्तू माझी आहे,” त्या मॅनेजरला म्हणाल्या, “तिच्यावर कोन बसते ते मी पाहीन.” मॅनेजरने ते गोदामात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा जागेवर होतं. पुढे त्यानेही डोळेझाक केली.

मग एकदा कंपनीचे मोठे साहेब तपासणीला आले. स्टूल पाहून थांबले. मुलगी घाबरून उठली. जाऊबाई कपड्यांमधून चालत आल्या आणि म्हणाल्या, “माझं आहे ते.”

“नियम माहीत नाही का?”

“माहीत आहे जी. पन ज्यानं लिवला, तो बसूनच लिवला असंल ना.”

कोणी हसलं नाही. साहेब पुढच्या काउंटरकडे वळले. स्टूल राहिलं, आणि मुलीला मुलगी झाली. जाऊबाईंना मात्र बढती मिळाली, पार नागपूरच्या दुकानात. मॅनेजरने खाली मान घालूनच ते सांगितलं. काही दिवस त्या पहाटेच्या बसने गेल्या. मग सासूबाई न्हाणीत पडल्या, अंथरुणाला खिळल्या, आणि जाऊबाईंनी नोकरी सोडली.

मी अजून काउंटरवर आहे. परवा संध्याकाळी आले, तर त्या सासूबाईंना भरवून ओसरीत बसल्या होत्या. मी विचारलं, “ताई, याद येते का मॉलची?”

“काहून येईल? पाय दुखत नाहीत आता,” त्या म्हणाल्या.

रस्त्याने एक अनोळखी बाई डोक्यावर गाठोडं घेऊन चालली होती. ती वळणाआड होईपर्यंत जाऊबाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

“कोन्या गावची असंल वो?”