उभं राहायचं, पण हलायचं नाही

आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्याला सगळे भिंगरी म्हणतात. खऱ्या नावाने हाक मारली, तर कोण आलंय ते बघायला तो स्वतःच मागे वळेल. जेवताना त्याचा गुडघा हलतो, वर्तमानपत्र वाचताना सगळी खुर्ची हलते. न्हाव्याने तर एकदा हात जोडले होते, "काका, डोकं इथे ठेवून फिरून या, नाहीतर दाढी वाढवा."

हा माणूस दिवसातून एकदाच स्थिर होतो. परांचीवर चढून छज्ज्याखालची बोटभर रंगीत रेघ ओढताना. श्वास रोखून, दगडासारखा. तशी रेघ दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे त्याचे वैरीही कबूल करतात. आणि गेल्या महिन्यात नेमकं रेघ ओढतानाच त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कमरेला पट्टा होता म्हणून लोंबकळण्यावर निभावलं. रंगाचा डबा मात्र खाली मुकादमाच्या गाडीवर.

"उन्हाने झालं," भिंगरी म्हणाला.

"ढगाळ होतं," बायको म्हणाली.

मुकादमाने बजावलं, डॉक्टर हो म्हणेपर्यंत परांचीला हात लावायचा नाही. म्हणून ही तपासणी.

"टोचाटोची काही नाही," मशीन सांभाळणारी ताई तारा चिकटवत म्हणाली. "छातीवर या तारा, बोटाला ही टोपी. आधी आडवं पडायचं, मग टेबल तुम्हाला उभं करेल. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. ते वर राखायला हृदय आणि नसा काय धडपड करतात, ते पडद्यावर दिसतं. तुम्ही फक्त हलायचं नाही."

"फक्त?" कोपऱ्यातून बायको म्हणाली. "ताई, त्यापेक्षा टोचाच."

आडवा पडल्या पडल्या त्याचं नाक खाजलं, मग कान, मग पाठीत अशी जागा जिथे कधीच काही खाजलं नव्हतं. "हे छत कुणी रंगवलं हो? ब्रशचे केस राहिलेत."

"काका, बोलायचंही नाही."

टेबल हळूहळू उभं झालं. पडद्यावरची रेघ जराशी खचायची, पुन्हा सावरायची. ताई गोंधळली. "पाय हलवताय का?"

"छे, छे!"

बायकोला चादरीबाहेर आलेले मोजे दिसत होते. आत बोटं नाचत होती. ती गप्प राहिली असती, तर सोमवारी नवरा शीळ घालत परांचीवर गेला असता.

"अहो, बोटं."

"कुणाची बोटं?"

"मोजे तुमचे आहेत, बोटंही तुमचीच असावीत."

ताई हसली नाही. "डोकं हलकं झालं की पोटऱ्या आवळता ना? त्याने रक्त वर ढकललं जातं. एरवी ते चांगलंच. पण न हलता तुमचं काय होतं, तेच तर मला बघायचंय."

भिंगरीने बायकोवर डोळे वटारले आणि रेघ ओढताना राहतो तसा निश्चल झाला. थोड्याच वेळात चेहरा अस्तराच्या रंगासारखा पांढराफटक. "ताई, दिवे का घालवले?" तोवर ताईने टेबल आडवं केलंही होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, भरपूर पाणी, पायांना घट्ट मोजे, काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर उंचावरचं काम बंद. "आणि फार वेळ एका जागी उभं राहू नका. पाय हलवत राहा."

"घ्या," बायको म्हणाली, "आता घरात 'हलू नका' म्हणायचीही सोय नाही."

बाहेर येताच भिंगरी भडकला. "जगातल्या बायका नवऱ्याचं झाकतात!"

"मीही झाकलं असतं. मग एक दिवस तुम्हालाच झाकायची वेळ आली असती, चादरीने."

तो व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. बायकोला वाटलं, आता हा मुकादमाला काहीतरी थाप मारणार. त्याने फोन लावला.

"काय रे, झालास पास?" मुकादमाचा आवाज तिच्यापर्यंत आला.

"नाही. खालची दारं-खिडक्या दे मला."

"बरं. आणि रेघ?"

भिंगरी थांबला. फोन कानाला, नजर समोरच्या भिंतीवर, अंगातलं काही म्हणजे काही हलेना. बायकोने धावत येऊन त्याचं कोपर धरलं.

"अहो, थांबू नका. चाला. चालता चालता सांगा."

"रेघ..." तो तिच्याबरोबर पाऊल टाकत म्हणाला, "रेघ दुसऱ्याला दे."