फुलावरची मुसळी

"जीन्स चालणार नाही. लुगडं नेस. ट्रायबल दिसायला हवीस."

साहेब गाडीत बसूनच बोलले. जळगावात त्यांचा आयुर्वेदिक चूर्णांचा कारखाना. मी तिथल्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे. त्या दिवशी अख्खं ऑफिस सातपुड्यात, आमच्याच गावामागच्या उतारावर आलं होतं. सफेद मुसळीच्या नव्या डबीवर त्यांना माझा फोटो हवा होता.

काकीचं लुगडं मी गाडीच्या आडोशाला नेसले. चपला काढायला लावल्या. फोटोग्राफरने ओल्या मातीत बोट बुडवलं आणि माझ्या गालाला फासलं. विचारलं नाही. सगळे हसले. मीही हसले. इंग्रजी शाळेत एवढं मी पक्कं शिकले होते. आपणही हसलो की कोणावर हसताहेत ते कळत नाही.

उतारावर मुसळी फुललेली. बारीक, पांढरी फुलं.

"आता ही फुलासकट उपट. मुळं कॅमेऱ्याकडे धर."

फुलावरची मुसळी उपटत नाहीत. बी गळतं, पानं पिवळी पडतात, मग खणायची. मुळाचा कोंब फुटणारा तुकडा, डोळा, परत मातीत. गाव असंच करायचं. मग कारखान्याचे दलाल दरवर्षी आणखी लवकर यायला लागले. कोवळी मुळं वाळून दोरा होतात, वजन भरायला दुप्पट खणावं लागतं. आपण नाही खणलं तर शेजारचं गाव खणतं. म्हणून आम्हीही खणलं. पलीकडचा उतार असाच संपला. शहरातल्या थकलेल्या पुरुषांना ताकद हवी होती, आम्हाला खड्डे मिळाले. टोपलीभर मुळांच्या पैशांत त्यांची एक डबी येत नाही. डबीवर लिहिलंय, 'निसर्गाला न दुखावता'.

लुगडं घेऊन आलेली काकी दगडावर बसली होती. मला म्हणाली, "फूल शे त्याले, बी कोठे शे? पुढला साले तुना सायेब पेरी का?"

"काय म्हणतेय म्हातारी?" साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं: फूल आहे, बी कुठाय, पुढल्या वर्षी तुझा साहेब पेरणार का. शब्दन् शब्द.

"जंगल तुमच्याच लोकांनी खाल्लं. आता मला शिकवा. चल, उपट. उजेड जातोय."

"नाही."

"काय नाही?"

"उपटणार नाही."

"नोकरी करायचीय ना?"

मी जागची हलले नाही.

साहेब वैतागून गाडीतून उतरले. स्वतः वाकले, दोन्ही हातांनी ओढलं. पानं तुटून हातात आली. मूळ जमिनीतच. मुसळीवर बंगला बांधलेल्या माणसाने मुसळी पहिल्यांदाच धरली होती. काकी तोंडाला पदर लावून हसली. मी उघड हसले.

नोकरी तिथेच गेली. ग्रामसभेत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या आठवड्यात उघडलं. बी गळेपर्यंत या उतारावर कोणी खणायचं नाही. दलालांनी नाही, आपणही नाही. पुष्कळ भांडणं झाली. शेवटी ठरलं. वाटेवर आता राखणीला पाळीने माणूस बसतो. आज मी बसलेय.

डबीसाठी त्यांना दुसरी मुलगी मिळेल. फुलावरची मुसळी मिळणार नाही.