हात गेला म्हणा

बारामतीच्या एमआयडीसीत मी पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर काम करायचो. शेजारच्या मशीनवर माझा मामेभाऊ होता, इंदापूरकडच्या शेळगावचा. एका दुपारी जेवून आम्ही कामाला लागलो आणि थोड्याच वेळात त्याची प्रेस त्याच्या उजव्या हातावर उतरली. प्रेसचा आवाज नेहमीसारखाच झाला. तो ओरडला तेव्हा मी वळलो. मनगटापुढं काही उरलं नव्हतं. रक्त माझ्या तोंडावर उडालं. गळ्यातला पंचा मी त्याच्या दंडाला करकचून आवळला आणि आम्ही त्याला गाडीत घातलं.

मामांना फोन कंपनीनं केला होता. दवाखान्यात ते शांतपणे आले, हातात केळी घेऊन.

"ते म्हनलं, घटना झालीय पण परिस्थिती नियंत्रणात हाय. मला वाटलं, चक्कर आली आसंल."

मी त्यांना आत नेलं. पोराचा आखूड झालेला, पट्ट्यांत गुंडाळलेला हात बघून मामा भिंतीला धरून खाली बसले.

संध्याकाळी कंपनीचे एक साहेब पुष्पगुच्छ घेऊन आले.

"कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. या दुर्दैवी घटनेत आम्ही आपल्यासोबत आहोत. सुरक्षा प्रक्रियेचं पालन कुठं झालं नाही, याचा आढावा सुरू आहे."

मामा उठले. "पालन कुनी केलं न्हाय? माझ्या पोरानं?"

"त्यावर आत्ताच भाष्य करता येणार नाही."

मामांनी त्यांची कॉलर धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. "हात गेला म्हन. तुमच्या मशीननं हात तोडला म्हन." मग तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला. माझेही हात शिवशिवत होते, पण मी मागून मामांच्या कमरेला मिठी मारली.

साहेबांनी रक्त पुसलं. माणूस इंदापूरकडचाच निघाला.

"गेला तात्या, हात गेला. हात आत आला की मशीन थांबवनारा सेन्सर बंद हुता. तशीच चालवा म्हनलं वरनं."

मामांचा उगारलेला हात खाली आला.

साहेबांनी मामांवर तक्रार केली नाही. सेन्सरचं मात्र पोलिसांना सांगितलं, आणि त्यांची नोकरी गेली. मीही ती कंपनी सोडली.

भाऊ आता गावीच असतो. दिवाळीत त्याच्या मोबाईलवर कंपनीच्या शुभेच्छा आल्या, 'सुरक्षित राहा, आनंदी राहा.' मामांनी तो मोबाईल उंबऱ्यावर आपटून फोडला. दुसरा मी घेऊन दिला.