पन्हाळ्याच्या चढावर पद्मिनी आणि अँबॅसिडर

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजच्या अंकासाठी मी एक लेख लिहायला घेतला होता: अँबॅसिडर चांगली की पद्मिनी? अँबॅसिडरचं इंजिन दीड लिटरचं, ताकद जास्त. पद्मिनीचं अकराशे सीसीच्या आतलं, पण गाडी अडीच क्विंटलांनी हलकी. वजनाच्या हिशेबात पद्मिनीच सरस, असं मी कागदावर काढून ठेवलं होतं. आता फक्त चढावर तसं घडायला हवं होतं.

अँबॅसिडर मित्राच्या घरची होती. पद्मिनी मी शेजारच्या गुरुजींकडून मागून आणली. ते निवृत्त शिक्षक. आयुष्यात उशिरा घेतलेली ती गाडी रोज सकाळी स्वतः पुसायचे. किल्ली देताना म्हणाले, "काटा वर चढला की थांबायचं. गार होऊ द्यायची. घाई न्हाय करायची."

"व्हय गुरुजी," मी म्हणालो.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाघबिळापासून मी आणि मित्रानं दोन्ही गाड्या सोडल्या. सुरुवातीला मी पुढं होतो. निम्म्या चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. मला तो दिसला. पण आरशात अँबॅसिडर दमानं जवळ येताना दिसत होती, म्हणून मी थांबलो नाही. गडावरच्या नाक्यावर मी पहिला पोचलो आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. तासभर थांबून, पाणी घालून, सावकाश गाडी खाली आणली.

"तापली न्हाय न्हवं?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाय. मस्त चालली."

दोनच दिवसांनी ते काकूंना घेऊन गारगोटीला निघाले, काकूंच्या माहेरी. वाटेत गाडी बंद पडली. चढावर तापल्यामुळंच इंजिनमधलं हेड गॅस्केट गेलं होतं. काकू आधीच आजारी असायच्या. दोघं भर दुपारी रस्त्याकडेला बसून राहिले. मिस्त्रीनं गाडी दुरुस्त केली, तरी गुरुजींचं मन तिच्यावरून उडालं. "ऐनवेळी दगा देणारी गाडी आजारी माणसासाठी काय कामाची?" असं ते माझ्या वडिलांना म्हणाले. मी तिथंच उभा होतो. महिन्याभरात त्यांनी ती विकून टाकली. त्याच सुमारास माझा लेख छापून आला. त्यांनी तो वाचला, आणि छान लिहिलाय म्हणून माझी पाठ थोपटली.

नोकरीसाठी मी पुण्याला गेलो. गावी आलो की गुरुजींच्या दारावरून भराभरा चालायचो. काकू गेल्यावर मात्र भेटायला गेलो. बोलता बोलता ते म्हणाले, की शेवटच्या वर्षांत काकूंना दवाखान्यात रिक्षानंच न्यावं लागायचं, खड्ड्यांतून फार त्रास व्हायचा. मला पुढं ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. काटा, वाफ, खोटं, सगळं.

ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे गाडीत खोट नव्हती?"

"नव्हती गुरुजी."

"गाडीला रोज बोलायची ही," ते म्हणाले. "दगाबाज म्हणायची. मी पण व्हय म्हणायचो."

त्यांनी चहा टाकला. मी नको म्हणालो नाही. कप संपेपर्यंत माझी मान वर झाली नाही.