खब्बे-सज्जे अंकल

कॅनडातल्या सरेमधले खब्बे-सज्जे अंकल ड्रायव्हिंग शिकवायचे आणि त्यांच्या गाडीत इंग्लिशला बंदी होती. खब्बे म्हणजे डावीकडे, सज्जे म्हणजे उजवीकडे, सगळ्या ऑर्डरी पंजाबीत. मी तेव्हा एकोणीसची, नागपूरहून येऊन पाच वर्षं झालेली. आईला पहिल्याच दिवशी घाम फुटला. "भाईसाब, इसको पंजाबी नहीं आती, कहीं ठोक दिया तो?" अंकलनी पगडी नीट केली आणि म्हणाले, "भैणजी, दो ही लफ्ज हैं. तीसरी ब्रेक है, वो मेरे पैर के नीचे है." त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, खरंच.

त्यांच्याकडे येणारी बहुतेक मुलं पंजाबीच. आईबापांना वाटायचं, लायसन्स मिळेल आणि जाता जाता भाषाही येईल. पण मी दोन लेसनमध्ये शिकले आणि ही मुलं हातावर बॉलपेनने लिहून यायची, डाव्या हातावर खब्बेचा इंग्लिश के, उजव्यावर सज्जेचा एस. अंकल चिडायचे नाहीत. त्यांची थिअरीच होती, "संडे स्कूल दी सिखी मंडे नूं भुल जांदी. डर के सिखी कदे नहीं भुलदी." घाबरून शिकलेली भाषा जन्मभर राहते, म्हणून ते मुद्दाम ट्रकवाल्या रस्त्यांवर न्यायचे. इकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे डावं वळण थेट समोरच्या ट्रकांपुढून. आता आठवलं तरी मला धडकी भरते.

एकदा सिग्नलला त्यांनी विचारलं, घरी मराठी बोलता का. मी म्हटलं हो, पण माझा धाकटा भाऊ, आठ वर्षांचा, त्याला सगळं कळतं आणि उत्तर इंग्लिशमध्ये देतो. सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. मग अंकल म्हणाले, "पहलां जबान जांदी है, पुत्त. फेर कन्न." आधी जीभ जाते, मग कान. आणि लगेच पुढे, "मेरी जॅस दे कन्न ठीक ने. ओहनूं हत्थ ते नहीं लिखणा पैंदा."

जॅस म्हणजे त्यांची नात, सोळाची. तिचे कान म्हणे ठीक होते, तिला हातावर लिहावं लागत नव्हतं. शनिवारी तिचा लेसन माझ्या आधी असायचा. वाटेत मला घ्यायचे, मग तिची शेवटची वीस मिनिटं मी मागे बसून बघायची. आणि मला दिसलं. प्रत्येक वळणाआधी ती स्वेटरची बाही जराशी वर करायची. मनगटाच्या आतल्या बाजूला बारीकसा के. दुसऱ्यावर एस. अंकल पेट्रोल भरायला उतरले तेव्हा ती मागे वळून म्हणाली, "ही'ल बी सो सॅड. आय अ‍ॅम लर्निंग देम, ओके?" मी सांगितलं नाही. पण तेव्हापासून मागच्या सीटवर मी पट्टा घट्ट ओढून बसायची, कारण त्या गाडीत आम्ही तिघं होतो आणि गाडी कशाच्या भरवशावर चाललीय हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी जॅस लांब ग्लोव्हज घालून आली. मला ते दिसले. बोलायला हवं होतं, नाही बोलले. स्कॉट रोडजवळच्या चौकात अंकल म्हणाले, "सज्जे." ती क्षणभर अडखळली आणि डावीकडे वळली, समोरून येणाऱ्या पिकअप ट्रकपुढे. अंकलनी ब्रेक दाबला. ट्रक हॉर्न वाजवत आमच्या नाकासमोरून गेला.

गाडी कडेला घेतल्यावर जॅसने रडत रडत ग्लोव्हज ओढून काढले आणि सवयीने मनगट बघितलं. अंकलनीही बघितलं. मला वाटलं आता ओरडतात. त्यांनी तिचा हात हातात घेतला, अंगठ्याने तो एस पुसून बघितला, जाईना.

"कदों तों?"

"फ्रॉम द फर्स्ट डे, बाबाजी."

त्यांनी तिचा हात परत स्टिअरिंगवर ठेवला. मग म्हणाले, "ओके, बेटा. चेक मिरर. गो स्ट्रेट." त्या गाडीत अंकलच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं इंग्लिश.

माझ्या लेसनला मीच विचारलं, "अंकल, खब्बे?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लेफ्ट, पुत्त. टेस्ट में भी लेफ्ट ही बोलेंगे."

मी पहिल्या फटक्यात पास झाले. दोन वर्षांनी अंकल गेले. फ्युनरलला जॅस माइकवर इंग्लिशमध्ये बोलली, फार छान बोलली. मग माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच विचारलं, मागे त्या आज्या रडत रडत काय म्हणतायत. मी तिला सांगितलं. मी, नागपूरची.

आता माझा भाऊ सोळाचा झालाय आणि त्याला मी शिकवते. माझ्या बाजूला ब्रेक नाही, तरी पाय दाबलेलाच असतो. मी मराठीतच सांगते, डावीकडे, उजवीकडे, आणि तो दर वेळी बरोबर वळतो. त्याच्या हुडीच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या असतात. वर कर म्हणायचं धाडस मला अजून झालेलं नाही.