कानातल्या काड्या

माझ्याकडे सोन्याचं म्हणाल तर मंगळसूत्र आणि दोन बांगड्या. बाकी सगळा माल चिंध्यांचा. हे माझं म्हणणं नव्हे, आमच्या ह्यांचं. रविवारी जेवणं आटपली की मी पलंगावर चादर अंथरते, कपाटातला पत्र्याचा डबा काढते आणि एकेक दागिना मांडत बसते. हे दारातून जाता जाता विचारणारच, "मांडला का बाजार? बोहनी झाली का?"

हसोत बापडे! माझ्या डब्यात भाजलेल्या मातीच्या मण्यांची माळ आहे, बचत गटाच्या स्टॉलवर घेतलेली. तिच्या एका मण्यावर करणाऱ्या बाईच्या बोटाचा ठसा उमटलाय, मी ती त्या ठशासाठीच घेतली. काळ्या मेंढीच्या लोकरीची वळलेली गळपट्टी आहे; घाम आला की तिला अजून मेंढीचा वास येतो. आणि सुताची कानातली तर विचारूच नका. मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, ऑफिसात काम करते. मागावर उरलेलं रंगीत सूत मी पिशवीत भरून आणते आणि आमच्या गल्लीतली एक विणकराघरची तेलुगू बाई त्याचे गोंडे, फुलं, झुबे करून देते. एकदा केलेला नमुना ती पुन्हा करत नाही. मागितला तर "विसरले की" म्हणते. साफ खोटं बोलते, पण मला चालतं.

माझ्या ह्या बाजाराला गिऱ्हाईक एकच, माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. होटगीजवळच्या खेड्यात मेंढरं राखण्यात आणि शेतात त्यांचा उभा जन्म गेला; सासरे गेल्यापासून आमच्याकडे असतात. मी डबा काढला की मांडी घालून समोर येऊन बसणार. एकेक कानातलं उचलून उजेडात धरणार, गोंडा गालाला लावून बघणार, परत जागेवर ठेवणार. घालणार मात्र कधीच नाही. त्यांच्या कानात दागिना मी कधी पाहिलेलाच नाही. भोकात केरसुणीची बारीक काडी. ती झिजली की दुसरी मोडून, धुऊन घालतात.

"ही काडी कशाला हो आत्या?" मी एकदा विचारलं होतं.

"भोक बुजंल की."

"बुजलं तर बुजलं. घालता कुठं काय तुम्ही?"

त्यावर त्यांनी दुसरं कानातलं उचलून उजेडात धरलं. आईला दागिन्यांची हौसच नाही, असं हे पहिल्यापासून सांगत आलेले, आणि मीही तेच धरून चालले होते.

मागच्या वर्षी आमच्या मुलीला मुलगा झाला. आत्या पणजी झाल्या. पणतवंडाचं तोंड पाहिलं की पणजीवर सोन्याची फुलं उधळायची आपल्याकडे रीत आहे. ह्यांनी ती मनावर घेतली. बारशाच्या आठवडाभर आधी छोटी लाल डबी घेऊन आले. आत कानातली सोन्याची फुलं, नाजूक, खरंच देखणी.

"उधळून लोकांच्या पायाखाली कशाला घालवायची? कानात घाल," म्हणाले.

आत्यांनी डबीला हातसुद्धा लावला नाही. "डोईवर ठेव, काय बी कर. कानात न्हाय घालायची म्या."

"का पण?"

"नगं म्हंजे नगं."

"आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासाठी काही आणलं आई. माझ्या हातचं नको तुला, असं म्हण की सरळ!"

झालं! पन्नाशी उलटलेला बाप्या, पण असा रुसला की आईशी बोलणंच टाकलं. मलाही आत्यांचा रागच आला होता. लेक एवढ्या हौसेनं आणतो, घटकाभर घालायला काय जातं?

त्या रविवारी मी डबा उघडला तेव्हाही राग होताच. आत्यांनी सुताची फुलं उचलली, लालभडक, मधे पांढरा ठिपका असलेली. बराच वेळ निरखली. मग विचारलं, "ह्यात सोनं न्हाय न्हवं?"

माझं डोकंच फिरलं. "नाही हो, सोनं नाही! चिंध्या आहेत. तुमच्या लेकाला विचारा, तो रोज सांगतो."

"चिडू नगं पोरी. खरं सांग. जरा बी न्हाय?"

आवाज कसा तरीच होता. मी डबा बाजूला सारला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

"ह्यो दोन वर्साचा आसंल. ताप उतरंना, झटकं यायचं. डागदरानं बी हात टेकलं. म्या कानातली फुलं काढली न् देवीच्या पायाशी ठिवली. म्हनलं, बाई, लेकरू ठेव माजं, ह्या कानाला परत सोनं लावायची न्हाय."

"मग?"

"मग काय. हाय की. भांडतंय."

मला हसू फुटलं आणि रडूही. "अहो मग त्यांना सांगा ना हे! किती दुखावलेत ते."

"नगं. रोज हायवेला जीप घिऊन जातोय गडी. आसलं कायबाय डोक्यात घिऊन गाडी चालवंल व्हय? त्येला मोकळं ऱ्हाऊ दे. तू बी बोलू नगंस."

मी नाही बोलले. इथं लिहितेय, पण आमचे हे वर्तमानपत्रातलं हवामान सोडून काही वाचत नाहीत.

"आत्या, मग ती काडी?"

त्या चक्क लाजल्या. "सोनं सोडलं. हौस कुटं सोडली?"

मी त्यांना मिठीच मारली. एवढी वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून गोंडे गालाला लावून बघत होती, आणि मी म्हणत होते, हिला हौस नाही!

ती लाल फुलं त्यांना दिली, तर आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही तार पिवळी का?" पितळ आहे म्हटलं, पटेना. शेवटी पक्कड घेऊन ते आकडे काढले आणि दुसऱ्या जोडातले स्टीलचे बसवले. "आपल्या ताटवाटीचं स्टील," म्हटलं, तेव्हा कुठं मान डोलावली.

बारशाच्या दिवशी सकाळी आत्या ठेवणीतलं इरकल नेसल्या, काड्या काढल्या आणि फुलं घातली. आरशापुढून हलेनात! काय सांगू, इतक्या गोड दिसत होत्या. ह्यांनी बघितलं. तोंड एवढंसं झालं. "चिंध्या चालतात. माझं सोनं तेवढं चालत नाही," असं पुटपुटले आणि जीप काढून टेंभुर्णीला गेले. व्याह्यांची गाडी ऐनवेळी बिघडली होती, त्यांना आणायचं होतं.

यायची वेळ टळून गेली. फोन बंद. पाळणा सजलेला, बायका जमलेल्या, जो तो विचारतोय. व्याह्यांचे नंबरही लागेनात. आत्या दाराशी उभ्या होत्या, मग दिसेनाशा झाल्या. आत जाऊन बघते तर देवापुढे बसलेल्या. कानात परत काड्या, आणि फुलं देवाच्या ताटलीत.

"आत्या, अहो सोनं नव्हतं ते! स्टील होतं."

"म्हाईत हाय. पर देवीला लांबनं काय दिसलं आसंल कुनाला ठावं."

एरवी असल्या गोष्टींवर मी तावातावानं बोलते. त्या दिवशी मात्र मी त्यांच्या शेजारी बसले आणि हात जोडले.

बसल्या बसल्या जीपचा हॉर्न ऐकू आला. आत्या उठेपर्यंत हेच आत आले, हात कोपरापर्यंत काळे.

"पंक्चर. स्टेपनीतही हवा नाही. त्यात फोन मेला, व्याह्यांच्या फोनला रेंज नाही."

आत्यांनी त्यांचा दंड चाचपला, मग तोंडावरून हात फिरवला. डोळ्यांना धार लागलेली.

"अगं पंक्चर झालं, मला काय धाड भरलीय?"

"गप! शुभ बोल."

तेव्हा ह्यांचं लक्ष त्यांच्या कानांकडे गेलं. मग ताटलीकडे. चेहरा उतरला.

"मी बोललो म्हणून काढलीस ना? चुकलं माझं. चांगली दिसत होतीस की."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ह्यांनी पंच्याला हात पुसले, काळे ते काळेच राहिले, आणि ताटलीतली फुलं उचलून आईसमोर बसकण मारली.

"इकडं कर कान. मी घालतो."

आत्यांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "सोनं न्हाय न्हवं रं ह्यात?"

"कुठलं सोनं आई! चिंध्या आहेत तिच्या. नावाला सोनं नाही."

"बग नीट. तू सांग."

ह्यांनी फुलं उजेडात धरली, उलटी सुलटी केली. "नाही गं. मी सांगतो ना."

आत्यांनी मनगट सोडलं, स्वतःच्या हातानं काडी काढली आणि लेकापुढे कान केला.